'ट्रेनस्पॉटिंग' : एका व्हिडिओ कॅसेटची चोरी आणि आपले हसणे (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्या सदस्याचे नाव आहे)

पूर्वरंग

(ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : पुढे कथानक उघड केले आहे.)

डॅनी बॉइल यांचा 'ट्रेनस्पॉटिंग' फेब्रुवारी १९९६मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. आपल्याकडे त्याचा विषय निघाला की बोलणे बहुधा तीन गोष्टींपाशी येऊन थांबते : इग्गी पॉपच्या गाण्यावर प्रिन्सेस स्ट्रीटवरून पळत सुटलेली पोरे, स्कॉटलंडमधले ते सर्वांत घाणेरडे शौचालय आणि छतावरून सरपटत येणारे बाळ. मला मात्र ज्या प्रसंगाविषयी लिहायचे आहे तो इतक्या सहज येऊन जातो, की पहिल्यांदा पाहताना त्याकडे कोणाचे फारसे लक्षही जात नाही. रेंटन आपल्या मित्राच्या घरातून एक व्हिडिओ कॅसेट उचलतो. बस, एवढेच.

आधी माणसे सांगतो. एडिंबरा शहराच्या बंदराकडच्या लीथ भागातल्या पाच तरुणांची ही गोष्ट आहे. मार्क रेंटन (यूअन मॅकग्रेगर), स्पड आणि सिक बॉय हे हेरॉइन घेतात. बेग्बी हेरॉइनला हात लावत नाही, पण दारू पिऊन कोणाचेही डोके फोडतो आणि वर व्यसनी लोकांना नावे ठेवतो. राहिला टॉमी. तो व्यायाम करतो, डोंगरात भटकायला जातो, खोटे बोलत नाही, आणि लिझी नावाच्या मैत्रिणीवर त्याचे मनापासून प्रेम आहे. या दोघांनी आपल्या खासगी क्षणांची एक कॅसेट बनवलेली असते. रेंटन ती लांबवतो आणि तिच्या जागी फुटबॉलमधल्या शंभर उत्कृष्ट गोलांची कॅसेट राहते. रात्री टॉमी आणि लिझी मोठ्या उत्साहाने टीव्हीसमोर बसतात आणि पडद्यावर एकामागून एक गोल होऊ लागतात. सगळे चित्रपटगृह हसते, आणि हसावे असाच तो विनोद आहे.

आता या विनोदाचे पुढे काय होते ते पाहावे. आपली कॅसेट चुकून दुकानात परत गेली असावी या कल्पनेने लिझी संतापते, त्यात टॉमी तिचा वाढदिवस विसरतो आणि ती त्याला सोडून जाते. खचलेला टॉमी एके दिवशी पैसे पुढे करून रेंटनकडे हेरॉइन मागतो. रेंटन थोडे आढेवेढे घेतो आणि देतो. त्यानंतर टॉमी आपल्याला दिसतो तो एका उजाड घरात, एचआयव्हीची लागण झालेला, आणि घराबाहेर शेजाऱ्यांनी शिव्या रंगवून ठेवलेल्या. पुढे दिसते ती त्याची अंत्ययात्रा. आख्ख्या चित्रपटातली सर्वांत निरुपद्रवी खोडी सर्वांत निरोगी माणसाचा जीव घेते आणि चित्रपट या गोष्टीकडे एकदाही बोट दाखवत नाही. रेंटन कबुली देत नाही, टॉमीला काही कळत नाही, पार्श्वसंगीत सूचक होत नाही. दुवे जुळवण्याचे काम प्रेक्षकावर सोडलेले आहे, आणि ज्याने ते जुळवले त्याला आपणही त्या कॅसेटवर हसलो होतो हे आठवते.

या चित्रपटातल्या काळ्या विनोदाचे वर्णन 'गंभीर विषय हलकाफुलका करून सांगितला आहे' अशा शब्दांत केले जाते, ते मला पटत नाही. विनोद दिग्दर्शकाने वरून पेरलेला नाही; तो रेंटनच्या निवेदनात आहे. हा मुलगा हुशार आहे, त्याची जीभ तिखट आहे, आणि नोकरी, संसार, मोठा टीव्ही, धुलाई यंत्र यांची यादी तुच्छतेने वाचून दाखवत तो सुरुवातीलाच आपल्याला खिशात टाकतो. सगळे जग आपल्याला त्याच्याच डोळ्यांनी दिसते. व्यसनी माणूस आपल्या आयुष्याची हकिगत ज्या खुसखुशीतपणे सांगतो, तो खुसखुशीतपणा हाच मुळी व्यसनाचा एक भाग आहे, असे या चित्रपटाचे म्हणणे आहे असे मला वाटते. निवेदन जेथे गप्प बसते किंवा अडखळते, तेथे खरा प्रकार दिसतो.

अशी एक जागा बाळाच्या मृत्यूची आहे. हेरॉइन विकणाऱ्या स्वॉनीच्या अड्ड्यावर अ‍ॅलिसनची तान्ही मुलगी या सगळ्यांच्या पायांत रांगत असते. तिला कोणी मारत नाही की कोणी पाहतही नाही. एके दिवशी अ‍ॅलिसनच्या किंकाळीने सगळे जागे होतात. सिक बॉयच्या चेहऱ्यावरून ते मूल कोणाचे होते हे कळते. सगळे रेंटनकडे पाहत असतात, त्याने काहीतरी बोलावे म्हणून. आतापर्यंत ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर शेरा तयार होता त्या माणसाला एवढेच सुचते, की आपण आता 'माल' तयार करतो. अ‍ॅलिसनही मागते. तो तिला देतो, पण आधी स्वतः घेतो, आणि आईचा क्रम आपल्यानंतर हे गृहीतच होते अशा अर्थाचे वाक्य निवेदनात शांतपणे उच्चारतो. ते वाक्य विनोदाच्याच चालीवर आहे. फक्त तेथे कोणी हसत नाही.

सुमारे १५ लाख पौंडांत हा चित्रपट झाला. अर्विन वेल्श यांच्या १९९३च्या कादंबरीवर तो आधारलेला असून पटकथा जॉन हॉज यांची आहे, आणि तिला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. कादंबरी विस्कळीत आहे, अनेकांच्या तोंडून सांगितलेली आहे. हॉज यांनी ती रेंटनच्या एका आवाजात गोवली. माझ्या मते चित्रपटाचे सगळे बरेवाईट या एका निर्णयातून आलेले आहे. सदस्यांनी यावर आपले मत द्यावे. विशेषतः, आपण हसतो ते रेंटनबरोबर की रेंटनला?

नदीकाठ

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. कॅसेटपासून टॉमीच्या मृत्यूपर्यंतची साखळी पटकथेत आहे हे मान्य. तथापि चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाच्या मनात ती किती उरते आणि या चित्रपटाची नारिंगी अक्षरांची ती भित्तिपत्रके किती उरतात, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझ्या वसतिगृहात ज्यांच्या खोल्यांत ती लावलेली असत त्यांच्यापैकी कोणीही टॉमीचे पत्रक लावले नव्हते. सर्वांना भिजलेला, थंडीने आखडलेला, तरीही देखणा रेंटन हवा असे. कृश देह, भेदक नजर, उत्तम संगीत आणि झटपट संकलन यांचा एकत्रित परिणाम असा होतो की दुर्दशासुद्धा आकर्षक वाटू लागते. अमेरिकेत १९९६च्या अध्यक्षीय निवडणुकीतले उमेदवार बॉब डोल यांनी हेरॉइनला मोहक रूप देतो म्हणून या चित्रपटावर टीका केली. त्यांनी तो पाहिलेला नव्हता, ही गोष्ट त्यांच्यावर उलटली. पण म्हणून आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे होत नाही.

दुसरे असे की मरतो कोण? साधा टॉमी. सुटतो कोण? हजरजबाबी रेंटन, तोही मित्रांचे पैसे घेऊन, पुलावरून हसत चालत. हा हिशेब दिग्दर्शकाने प्रेक्षकावर सोडला आहे असे आपण म्हणता. मला तो त्याने बुडवला आहे असे वाटते.

शल्यक

चित्रपटाच्या कलात्मक बाजूवर मी बोलणार नाही, परंतु त्यातल्या वैद्यकीय तपशिलाबद्दल लिहिणे मला शक्य आहे. तो तपशील बराच नेमका आहे आणि त्याचे कारणही आहे : पटकथाकार हॉज हे स्वतः डॉक्टर आहेत.

शौचालयाच्या प्रसंगाचेच घ्या. किळस आणण्यासाठी रचलेला प्रसंग म्हणून त्याकडे पाहिले जाते, पण त्याच्या मुळाशी सरळ शरीरशास्त्र आहे. अफूजन्य द्रव्यांनी आतड्यांची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठता होते. द्रव्य बंद झाले की तीच आतडी एकदम सैल होतात. रेंटन हेरॉइन सोडायला निघालेला आहे, मधल्या काळाची सोय म्हणून त्याला अफूच्या गुदवर्ती, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायच्या गोळ्या, मिळालेल्या आहेत (त्या देणारा इसम म्हणजे स्वतः कादंबरीकार वेल्श), आणि नेमक्या त्याच वेळी त्याचे पोट सुटते. त्यामुळे जे आत ठेवायचे तेच बाहेर पडते आणि मग ते शोधायला त्याला भांड्यात उतरावे लागते. ही घाण चित्रीकरणात चॉकलेटची होती. त्यानंतर तो स्वच्छ निळ्या पाण्यात पोहताना दिसतो, आणि त्या क्षणी त्याच्या दृष्टीने ते पाणी खरोखरच तसे असते. तलफ आलेल्या माणसाला घाण दिसत नाही, फक्त वस्तू दिसते.

टॉमीबद्दल एक दुरुस्ती. तो मांजरीच्या पिलापासून झालेल्या टॉक्सोप्लाझ्मोसिसने गेला, असे त्याच्या अंत्यविधीच्या वेळी एक मित्र सांगतो. हे पिलू त्याने लिझीला परत मिळवण्यासाठी आणलेले असते आणि ती ते नाकारते. म्हणजे पूर्वरंग यांच्या कॅसेटचा धागा येथपर्यंत पोहोचतो. असा संसर्ग मांजरीच्या विष्ठेतून होऊ शकतो हे खरे आहे. मात्र एचआयव्हीच्या रुग्णांत हा आजार बहुधा शरीरात पूर्वीपासून सुप्त असलेला जंतू प्रतिकारशक्ती ढासळल्यावर पुन्हा उसळल्यामुळे होतो. पिलावर संपूर्ण दोष ठेवणे ही त्या मित्राची सोय आहे. त्याला गोष्ट सांगायची आहे आणि पिलू आले की गोष्ट रंगते.

एचआयव्ही एडिंबरामध्येच एवढा का पसरला, हे माहीत असल्याशिवाय चित्रपटाची पार्श्वभूमी कळत नाही. इराणमधील क्रांतीनंतर, १९८०च्या सुमारास, तिकडच्या भागातले स्वस्त हेरॉइन ब्रिटनमध्ये येऊ लागले. एडिंबरामध्ये पोलिसांनी आणि औषधविक्रेत्यांनी सुया-सिरिंजा मिळणेच अवघड करून टाकले. हेतू व्यसन रोखण्याचा होता. परिणाम असा झाला की एकच सिरिंज अड्ड्यावर कित्येकांच्या हातांत फिरू लागली. १९८६मध्ये रॉय रॉबर्टसन या तेथल्याच वस्तीत काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या हेरॉइन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्ताचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक बाधित निघाले. शहराला युरोपची एड्सची राजधानी हे नाव पडले. त्यानंतर सुया बदलून देण्याची केंद्रे आणि मेथाडोनचे (हेरॉइनऐवजी देण्याच्या औषधाचे) उपचार सुरू झाले. आपल्या देशात काही वर्षांनी मणिपूरमध्ये अगदी याच मार्गाने साथ पसरली. म्यानमारच्या सीमेवरून येणारे हेरॉइन, एकमेकांच्या सुया आणि अल्पावधीत निम्म्याच्या आसपास लागण, असा तो क्रम होता.

रेंटनची तपासणी निगेटिव्ह येते आणि टॉमीची पॉझिटिव्ह, याला 'न्याय' शोधण्यात अर्थ नाही. नदीकाठ यांचा हिशेबाचा आक्षेप मला या कारणाने मान्य नाही. विषाणू हिशेब ठेवत नाही आणि चित्रपटाने तो ठेवल्याचा आव आणला असता तर तो खोटा झाला असता.

लीथवासी

मी लीथमध्ये राहतो म्हणून स्थानिक माहितीची थोडी भर घालतो. पाहुणे आले की त्यांना 'ट्रेनस्पॉटिंग'च्या जागा पाहायच्या असतात आणि दरवेळी त्यांची निराशा होते, कारण सुरुवातीची धावपळ सोडली तर चित्रपटाचा बहुतेक भाग ग्लासगोमध्ये चित्रित झालेला आहे. आतील दृश्यांसाठी तिथला विल्स कंपनीचा बंद पडलेला सिगारेटचा कारखाना वापरला होता. एका व्यसनाची रिकामी वास्तू दुसऱ्या व्यसनाच्या चित्रीकरणाला उपयोगी पडली, हा विनोद बहुधा कोणी मुद्दाम केलेला नसावा.

कादंबरी ज्या लीथची आहे ते आता ओळखू येणार नाही. १९८४मध्ये येथला हेन्री रॉब यांचा जहाजबांधणीचा कारखाना बंद झाला आणि शतकांचा धंदा संपला. आज पाण्याकाठी महागडी उपाहारगृहे आहेत, जुन्या गोदामांत सदनिका आहेत आणि २०२३पासून ट्रामसुद्धा येते. गंमत अशी की चित्रपटात पुढे रेंटन लंडनला जाऊन घरे भाड्याने देण्याच्या धंद्यात शिरतो. त्या धंद्याने लीथचे जे केले ते हेरॉइनला जमले नव्हते, असे येथले जुने लोक म्हणतात.

पण हेरॉइन गेलेले नाही, फक्त पर्यटकांच्या वाटेवरून हटले आहे. २०२०मध्ये स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांमुळे १,३३९ मृत्यूंची नोंद झाली. सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या देशात हा आकडा भयंकर आहे. युरोपात असे प्रमाण कोठेच नव्हते. मरणाऱ्यांत पंचविशीतल्या मुलांपेक्षा पस्तीस ते पंचावन्न वयाचे लोक अधिक होते. म्हणजे हे रेंटन-स्पडच्या नंतरच्या पिढीचे नाहीत. पुष्कळसे त्यांच्याच काळात सुरुवात केलेले आहेत. ओव्हरडोस उलटवणारे नॅलोक्सोन आता येथे सामान्य लोकांनाही घरी ठेवायला मिळते, २०११पासून तशी राष्ट्रीय योजना आहे. जानेवारी २०२५मध्ये ग्लासगोत देखरेखीखाली इंजेक्शन घेण्याचे अधिकृत केंद्रही सुरू झाले आणि त्यावरून अजून वाद चालू आहे.

हे वाचून ओव्हरडोसचा प्रसंग पुन्हा पाहावा. रेंटन लाल गालिच्यासकट जमिनीत खाली जातो आणि नंतर कॅमेरा त्याच्या डोळ्यांनी वर पाहतो, दोन्ही बाजूंना गालिच्याच्या कडा, मध्ये छताचा तुकडा. लू रीडचे संथ गाणे चालू असते. स्वॉनी आतापर्यंत त्याच्याशी हॉटेलमधल्या अदबशीर वेटरच्या थाटात बोलत होता, आणि टॅक्सी बोलवायची काय, हेही तो त्याच सुरात विचारतो. मग त्याला पाय धरून फरपटत खाली नेतो. नॅलोक्सोन घरात असते तर त्या खोलीतून कोणाला फरपटत न्यावे लागले नसते.

सावली

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. संस्थेचे नाव येथे देत नाही.

पूर्वरंग यांचे एक वाक्य मी दोनदा वाचले : खुसखुशीतपणा हाच व्यसनाचा एक भाग आहे. आमच्या गटसभेत हे रोज दिसते. नवा मित्र (आमच्याकडे 'पेशंट' म्हणत नाहीत) पहिल्यांदा बोलायला उभा राहतो तेव्हा तो हमखास हसवतो. बहिणीच्या लग्नातला आहेर कसा पळवला, पोलिसाला कसे फसवले, मेलेल्या आजीला पुन्हा पुन्हा मारून कार्यालयातून किती वेळा उसने घेतले, हे सगळे तो असे रंगवून सांगतो की सभा डोक्यावर घेतली जाते. आम्ही थांबवत नाही. पण त्याच कहाण्या कुटुंबीयांच्या सभेत बायको किंवा आई सांगते तेव्हा त्यांत एकही विनोद नसतो. घटना त्याच, फक्त आहेर कोणाचा होता आणि नंतर सासरी काय ऐकून घ्यावे लागले, हे त्यांत येते.

माझी या चित्रपटाबद्दलची तक्रार येथेच आहे. दुसरी सभा त्यात जवळजवळ नाही. अ‍ॅलिसनची किंकाळी ऐकू येते, पण तिचे मूल गेल्यावर तिचे काय झाले हे कोणी विचारत नाही. रेंटनची आई एका प्रसंगात त्याला खोलीत कोंडते आणि पुन्हा मागे सरते. ही उणीव 'एका आवाजाच्या' निर्णयातून आली आहे असे पूर्वरंग म्हणतील, आणि ते बरोबर आहे. तरी ती उणीव आहे. कॅसेटच्या चोरीत ज्या मुलीचा खासगी क्षण चोरला गेला तिचे नाव लिझी आहे. लेखात तिचा संताप एका उपवाक्यात आटोपला आहे आणि चित्रपटातही तसाच.

मराठी वाचकांसाठी एक संदर्भ. एडिंबरामधले ते आकडे प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, ऑगस्ट १९८६मध्ये, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिल अवचट यांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक साहाय्य दिले आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते काम उभे केले. तोवर रस्त्यावर 'गर्दुल्ला' हा शिवीसारखा शब्द रूढ झालेला होता. आपल्याकडचा मोठा फरक असा होता, की मुंबई-पुण्यातली बहुतेक मुले गर्द सुईने घेत नसत, पन्नीवर जाळून धूर ओढत. एडिंबरासारखी एचआयव्हीची लाट येथील गर्दुल्ल्यांत त्या प्रमाणात आली नाही, त्यामागे हे एक मोठे कारण होते. टर्की, म्हणजे व्यसन तोडल्यावरचा त्रास, मात्र तीच. अंगदुखी, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, झोप नाही. चित्रपटातला रेल्वेगाड्यांच्या वॉलपेपरच्या खोलीतला प्रसंग अतिशयोक्त आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तो टर्की काढलेल्या माणसाबरोबर बसून पाहावा.

तिसरी घंटा

'उडता पंजाब'चा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे नवल वाटले. तरुण, अमली पदार्थ आणि काळा विनोद यांची मोट हिंदीत बांधण्याचा तो बहुधा सर्वांत धीट प्रयत्न होता. सीमेपलीकडून थाळीफेकपटूने हेरॉइनचे पुडके भिरकावण्याच्या पहिल्याच दृश्यात बॉइल यांची सावली दिसते. नायकाचे नाव टॉमी असणे हा योगायोग असेल किंवा सलामही असेल. परंतु तेथे विनोद एका पात्रापुरता आणि पहिल्या अर्ध्या भागापुरता राहतो; आलिया भटच्या कथेत तो शिरूच शकत नाही, आणि शिरला नाही हे चांगलेच झाले. सेन्सॉर मंडळाने सुचवलेल्या काटछाटीविरुद्ध निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जून २०१६मध्ये न्यायालयाने एक दृश्य वगळून चित्रपट प्रदर्शित करू दिला. व्यसनाचे चित्रण म्हणजे व्यसनाचा प्रचार, हा जो नदीकाठ यांचा आणि डोल यांचा मुद्दा आहे त्यावर आपल्याकडेही चर्चा झाली ती अशी, कोर्टाच्या दारात.

मुंबईचा आणखी एक धागा आहे. याच बॉइल यांनी २००८मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर' केला, आणि त्यातला लहानगा जमाल अमिताभची सही मिळवण्यासाठी संडासच्या खड्ड्यात उडी घेतो. एकाच दिग्दर्शकाने बारा वर्षांच्या अंतराने दोन नायकांना विष्ठेत उतरवले. रेंटन खाली जातो तेव्हा पाणी निळे होते, सगळे त्याच्या डोक्यातच घडते आणि आपण त्याच्या भ्रमात सामील होतो. जमाल वर येतो तो खराखुरा माखलेला असतो, आणि आपण बाहेर उभे राहून पाहतो. पहिल्या प्रसंगात गरिबी दिसत नाही, दुसऱ्यात तीच दिसते. आपल्याकडे 'स्लमडॉग'वर जो राग निघाला त्याची निम्मी कारणे या फरकात आहेत, असे मला वाटते. पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. सावली यांचा लिझीबद्दलचा आक्षेप मला निरुत्तर करणारा आहे, त्याला मी फाटे फोडत नाही.

नदीकाठ यांच्या 'सुटतो कोण' या प्रश्नाला मात्र उत्तर देणे आवश्यक आहे. शेवटी रेंटन लंडनमध्ये सोळा हजार पौंडांची पिशवी घेऊन निघून जातो आणि सुरुवातीला ज्या यादीची त्याने टर उडवली होती तीच यादी, नोकरी, संसार, मोठा टीव्ही वगैरे, आता हसतमुखाने म्हणतो. तो प्रेक्षकाला सांगतो की आता मी अगदी तुमच्यासारखा होणार. ज्यांना हा सुखान्त वाटतो त्यांनी हे पाहावे की 'आपल्यासारखे' होण्यासाठी त्याने आधी हेरॉइनचा सौदा केला आणि मग मित्रांना लुटले. तो हसत पुढे येतो तसतसा त्याचा चेहरा धूसर होत जातो. हे बक्षीस कमी आणि प्रेक्षकाला दिलेला टोला अधिक आहे.

स्पडसाठी तो लॉकरमध्ये त्याचा वाटा ठेवतो, ही त्याची एकमेव सत्कृती. १९९६मध्ये आम्ही सर्वांनी ती गोड मानून घेतली. २०१७मध्ये बॉइल यांनीच पुढचा भाग केला, त्यात वीस वर्षांनी परतलेल्या रेंटनला स्पड त्या पैशांचे काय झाले ते सांगतो : व्यसनी माणसाच्या हातात रोकड दिल्यावर दुसरे काय होणार? आपल्या आधीच्या चित्रपटातला सर्वांत प्रेमळ क्षणही दिग्दर्शकाने हिशेबाला घेतला. तो हिशेब बुडवला असे आता तरी म्हणता येणार नाही.

नदीकाठ

दुसऱ्या भागाचा मुद्दा मान्य. पण हिशेब मागायला वीस वर्षे लागली, आणि तोवर भित्तिपत्रके विकून झाली होती.

सावली यांना एक विचारायचे आहे. तुमच्या केंद्रात हा चित्रपट दाखवता का?

सावली

उपचाराच्या सुरुवातीच्या काळात मुळीच दाखवत नाही. चमचा, लायटर, पन्नी नुसती जवळून दिसली तरी ओढ जागी होते, आणि मग सुईच्या त्या दृश्यांपुढे टॉमीचा मृत्यू, बाळ, काहीही टिकत नाही. चित्रपट चांगला की वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही. दीर्घकाळ व्यसनमुक्त असलेल्या, आता आमच्याबरोबर कार्यकर्ते म्हणून काम करणाऱ्या काही मित्रांबरोबर मात्र मी तो पाहिला आहे.

आश्चर्य असे की शौचालयाला आणि कॅसेटला ते फारसे हसले नाहीत. ते हसले, आणि पोट धरून हसले, ते रेंटन व्यसन सोडायची तयारी करतो तेथे. टोमॅटो सुपाचे डबे, मशरूम सुपाचे डबे, आइस्क्रीम, वेदनाशामक गोळ्या, जीवनसत्त्वे, तीन वेगवेगळ्या कारणांसाठी तीन बादल्या, टीव्ही आणि आईकडून ढापलेल्या गोळ्यांची बाटली, अशी यादी तो एखाद्या व्यवस्थापकाच्या थाटात वाचतो, दाराला आतून फळ्या ठोकतो, आणि पुढच्याच दृश्यात फळ्या उखडून, शेवटचा एकदाच म्हणून, फोनवर माल शोधत असतो. अशी यादी प्रत्येकाने केलेली होती. कोणी ग्लुकोज आणि मोसंब्या आणून ठेवल्या होत्या, कोणी देवाचा फोटो. एकाने तर रेंटनची चूकच काढली. तो म्हणाला, "फळ्या आतून कशाला ठोकायच्या? हातोडी आपल्याकडेच राहते की."